परवाना ललिताच्या नावाने

कोल्हापूर, १२ जून २००३

आक्का,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न वाचताच उशाखाली टाकशील, मला माहीत आहे. टाक. पण नंतर काढ. आपली आई म्हणायची, थोरलीचा राग म्हणजे उतू येणारं दूध, गॅस बारीक केला की बसलं खाली. या वेळी काही तो बसायला तयार नाही.

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. बाबासो गेल्यावर, नवऱ्यामागं मी सासरी कशाला राहायचं म्हणून तू मला न्यायला आलीस आणि आमच्या दारात उभी राहून माझ्या सासूला म्हणालीस, "माझ्या बहिणीला काय चुलीला बांधून ठेवणार हाय व्हय?" सगळी गल्ली गोळा झाली. आत्ती एक शब्द बोलल्या नाहीत. मी पण बोलले नाही, आणि तुझ्याबरोबर आले पण नाही. तेव्हापासून मिरज म्हणजे जणू सातासमुद्रापार. पॅसेंजरमध्ये बसलं तर शेंगा संपायच्या आत येतं.

तू पाठवलेलं नर्सिंगच्या कोर्सचं माहितीपत्रक पोचलं. सोबत एक ओळसुद्धा नाही, फक्त वयाच्या अटीखाली लाल पेनानं रेघ. शाळेत माझ्या वहीत चुका काढायचीस तशीच. तिशीच्या आत प्रवेश, तुकडी जानेवारीची. मार्चमध्ये मला तीस पूर्ण होतात. म्हणजे ही जानेवारी गेली की संपलं. कळलं.

फोन का करत नाहीस, असं मनात आणू नकोस. फोन आमच्या पुढच्या सोप्यात आहे, मामांच्या खुर्चीला लागून, चटणीच्या ऑर्डरीसाठी घेतलेला. मी बोलायला लागले की मामा हातातला पेपर खाली ठेवतात. ऐकत नाहीत हं, सासऱ्यांवर तसा आळ नको. फक्त पेपर खाली ठेवतात.

मी का येऊ शकत नाही ते सांगते. चटणी करून विकायचा परवाना माझ्या नावावर आहे. लग्नानंतर बाबासोंनी हौसेनं काढून दिला. म्हणाले, "ह्या घरात तुज्या नावाचं कायतरी असू दे." सातबारा नाही, घरफाळा नाही, निदान चटणीच्या पाकिटावर तरी. आज मामांना पेन्शन नाही, माझ्या दिराची, कृष्णातची, कागलच्या एमआयडीसीतली नोकरी कंत्राटी, घर चालतं ते या कांदा-लसूण चटणीवर. आणि परवान्यावर छापलंय, हस्तांतरणीय नाही. मी गेले की तो गेला. मामा पूर्वी रेशन दुकानात मापाडी होते. मालक वारला, बायको ऑफिसाच्या पायऱ्या झिजवत राहिली, परवाना काही तिला मिळाला नाही, दुकानाला कुलूप लागलं आणि मामांचं काम गेलं. परवाना म्हणजे माणसाच्या जिवाला बांधलेली वस्तू, हे त्यांच्या डोक्यात तेव्हापासून बसलंय.

मग सांग, कशी येऊ?

तुझी,
ललिता


कोल्हापूर, ३ ऑगस्ट २००३

आक्का,

उत्तर नाही. बरं. तू विचारलं नाहीस तरी सांगते, मी झोपते कुठे.

बाबासो होते तेव्हा मागची खोली आमची होती. ते गेल्यावर परवान्याच्या नूतनीकरणाला निरीक्षक साहेब आले. माणूस चांगला, चहासुद्धा घेतला नाही. म्हणाले, विकायचा माल आणि घरचा स्वयंपाक एका ओट्यावर चालणार नाही, खोली वेगळी दाखवा. मामा लगेच म्हणाले, "मागली खोली रिकामीच हाय की." मी त्या खोलीच्या दारातच उभी होते. माझ्या हातात घडी घातलेली चादर होती, ती कुठे ठेवायची ते मला कळेना.

पलंग माळ्यावर गेला. भिंतींना चुना मारला. आमच्या लग्नाचा फोटो उतरवला, कारण भिंतीवर धूळ धरणारं काही नको. परवाना मात्र दर्शनी लावावा लागतो, म्हणून तो काचेत बसवून त्याच खिळ्याला टांगला. त्या खोलीत कुणी झोपायचं नाही, असाही नियम आहे. तेव्हा दिवसभर मी आमच्या खोलीत उभी असते, आणि झोपायला आत्तींच्या शेजारी माजघरात जाते.

मामा नियमाचे इतके पक्के की निरीक्षकांनी त्यांना हाताखाली घ्यावं. खोलीत चप्पल नाही. डोक्याला फडकं. बेंदराला पाहुणी आली आणि कौतुकानं आत डोकवायला लागली तर दारात हात आडवा धरला, "पावणं, आत याला परवानगी न्हाय." बिचारी माझी चुलतसासू. मी हसले, आणि हसताना लक्षात आलं की बाहेरचं माणूस आत येत नाही आणि आतली मी बाहेर पडत नाही. गंगावेशीत लसूण आणायला कृष्णात जातो. डंकावर चटणी कुटायला टाकायलाही तोच जातो. पूर्वी डंकावर मी जायचे. तिथं बायका भेटायच्या, शिंकत शिंकत गप्पा व्हायच्या. आता मामा म्हणतात, "तू कशाला? तुला काय झालं तर?" माझी काळजी करतात की परवान्याची, हे त्यांनाही सांगता येणार नाही.

आणखी एक सांगते. पाकिटावर करणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता हवा. बाबासोंनी लेबलं छापून आणली होती, 'सौ. ललिता बाबासो' अशी. ते गेले तेव्हा त्यांतली कितीतरी शिल्लक होती. ती संपेपर्यंत मी रोज सौ. चिकटवत बसले. फेकून द्या असं कुणी म्हणालं नाही, मीही म्हणाले नाही. आता श्रीमती छापून आलंय. मामांनी यावेळी गठ्ठाच आणलाय, माळ्यावर पलंगाशेजारी ठेवलाय. मला तो गठ्ठा बघवत नाही. तो संपायला माझे केस पिकतील.

कुणी मला वाईट वागवत नाही, आक्का. हेच मी तुला तेव्हा सांगू शकले नाही. भाकरी माझ्या आधी कुणी खात नाही. वाईट वागवलं असतं तर भांडून आले असते.

ललिता


कोल्हापूर, ९ ऑक्टोबर २००३

आक्का,

दसरा झाला. माल भरपूर गेला. पेठ वडगावच्या एका दुकानदारानं नवीन मागणी नोंदवलीय. ब्याडगी मिरची यंदा रंगाला सरस आहे. आत्तींचे गुडघे तसेच. सगळे धम्मचक्र दिनाला विहारात गेलो होतो, खीर छान झाली होती, मला वाढायला बसवलं होतं.

घरात एक कार्य काढायचं चाललंय. कृष्णातचं. माझा धाकटा दीर म्हणजे तू बघितलायस, तू दारात ओरडत होतीस तेव्हा तुला पाण्याचा तांब्या देऊ की नको या विचारात उभा होता तोच. नोकरी कंत्राटी असली तरी मुलगा सरळ आहे. मुलीकडचे लांबचे नाहीत. खर्चही फार नाही.

थांब, मिरच्या हलवून येते.

आले. मुलगी मी.

मामांनी जेवताना विषय काढला. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "कृष्णात काय परका हाय? घरातली लक्ष्मी घरात ऱ्हाईल. चारचौघांत आसं झाल्याली लगनं काय कमी हाईत?" ते लक्ष्मी म्हणाले, पण बघितलं मागच्या खोलीकडे. कृष्णातनं हातातला घास ताटात परत ठेवला. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे गं, मी लग्न होऊन आले तेव्हा याला मी बारावीच्या परीक्षेला दही-साखर दिलीय. आत्ती माझ्या ताटात आमटी वाढत होत्या, त्या वाढतच राहिल्या, ताट भरून सांडेपर्यंत.

मी नाही म्हणाले नाही. हो पण म्हणाले नाही. मामांनी त्याचा अर्थ त्यांच्या सोयीनं लावलाय. नूतनीकरण डिसेंबरअखेर, त्यानंतर विहारात साधेपणानं उरकू, असं ठरवतायत.

तू हसू नकोस. रडू पण नकोस. काहीतरी लिही.

ललिता


कोल्हापूर, ५ नोव्हेंबर २००३

आक्का,

लिही म्हणाले म्हणून कार्ड लिहायचं होय? उघडं कार्ड? पोस्टमननं ते मामांच्या हातात दिलं आणि मामांनी सोप्यात बसून मोठ्यानं वाचलं, कारण त्यांना मनात वाचता येत नाही. "परवाना तुला खायला घालतोय की तुलाच खातोय? त्या कागदावर या वर्षी सही केलीस तर मी मेले असं समज." गल्लीतल्या बायका नळावर होत्या. झाडून सगळ्यांनी ऐकलं.

मला वाटलं, आता घरात आकाश कोसळणार. तसं काही झालं नाही. मामांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "जा बाई. तुला आडवणार कोण? चटणी बंद करू, फोन काढून टाकू. आमचं काय, दोन म्हातारी माणसं, भागवू कसंबी." आणि खरंच फोनची वायर काढायला उठले. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. धरला गं मी! मला सोडायला निघालेल्या माणसाचा हात मीच धरला. तुला याचा संताप येईल. मला पण आला, रात्रभर स्वतःचाच.

दुसऱ्या दिवशी कृष्णात खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. चप्पल बाहेर, तोंड भिंतीकडे.

"वैनी, एक बोलू? रागवू नगा."

"बोल की."

"मला तुमच्याशी लगीन करायचं न्हाय."

"मला तरी कुठे करायचंय, मुडद्या?"

त्यानं एवढा मोठा श्वास सोडला की तिखट नाकात जाऊन शिंकतच बसला. मुरगूडची एक मुलगी आहे म्हणे, कंपनीत त्याच्याच लाइनवर पॅकिंगला. बापाला सांगायची छाती नाही. मी म्हणाले, तू सांग. तो म्हणाला, तुम्ही सांगा. बराच वेळ आम्ही दोघं असे एकमेकांना पुढे ढकलत होतो, बालवाडीतल्या पोरांसारखे. शेवटी तो बापाबद्दल म्हणाला, "परवाना नसता तर आण्णांनी ह्यो इषय काढलाच नसता." आणि आम्ही दोघांनी भिंतीवरच्या त्या काचेकडे पाहिलं.

ललिता


कोल्हापूर, ११ डिसेंबर २००३

आक्का,

हे पत्र नीट बसून वाच.

दरवर्षी नूतनीकरणाला मामा जातात, मी फक्त सही करते. यंदा त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डोळ्याला पट्टी. म्हणून ऑफिसात मी गेले. एकटी. रिक्षात बसल्यावर हात कुठे ठेवायचे ते सुचेना, इतके दिवस ते कशात ना कशात बुडालेले असतात.

खिडकीवर एक बाई होत्या. मी अर्ज आणि नमुन्याचं चटणीचं पाकीट पुढे ठेवलं आणि मग धीर करून विचारलं, "हा परवाना माझ्या सासूच्या नावावर करून मिळेल का?"

"नाही. हस्तांतरणीय नाही."

झालं. मी वळले. तर त्या मागून म्हणाल्या, "अहो, बदलून नाही मिळत. त्यांना नवा काढा की."

"नवा मिळतो?"

"का नाही मिळणार? खोली तीच ना? चुना बिना लावलेला आहे ना? त्यांच्या नावानं अर्ज करा, डॉक्टरांचा दाखला जोडा, तुमचा हा परत करा. साहेब एकदा येऊन बघून जातील."

इतकंच. आक्का, इतकंच होतं! रेशनच्या परवान्याची भीती आम्ही चटणीच्या परवान्याला घातली आणि तिच्याखाली मी आणि कृष्णात मुकाट बसून राहिलो. मामा खोटं बोलले नाहीत, त्यांनी कधी विचारलंच नाही. मीही विचारलं नाही. हसावं की त्या खिडकीवर डोकं आपटावं, मला कळेना.

पण खरं पुढेच आहे. त्या बाईंनी पाकिटावरचं नाव वाचलं आणि म्हणाल्या, "मागच्या वर्षी एक मावशी हेच विचारून गेल्या. नऊवारी नेसलेल्या, गुडघा धरून चालत होत्या. असलंच पाकीट मला देत होत्या, मी घेतलं नाही म्हणून रुसल्या. त्यांना पण मी हेच सांगितलं होतं."

घरी आले तेव्हा आत्ती लसूण सोलत बसल्या होत्या. मी पदर पण सोडला नाही, समोर बसले.

"आत्ती, तुम्ही गेल्या वर्षी ऑफिसात गेला होता?"

त्यांनी एक पाकळी सोलून टाकली. "गेलतो की."

"कशाला?"

"तू जावंस म्हणून." मान खालीच. "तुजी आक्का दारात वरडून गेली, ते काय खोटं न्हवतं. म्हटलं, बघून तर येऊ, पोरगी सुटती का. ती बाई म्हणाली, सुटती. आनंदानं घरला आलो. तू हितंच बसल्यालीस, मिरच्यांची देठं खुडत. मला बघून म्हणालीस, आत्ती दमलासा, च्या ठेवू का?" त्यांनी पुढचा गड्डा फोडला. "तोंडापातूर आल्यालं गिळलं बघ. बाबासो गेला. तू बी गेलीस तर ह्या घरात माज्यासंगं बोलणार कोण? ह्यांच्या तोंडाफुडं पेपर, त्यो धाकटा मुका. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत ऱ्हायलो."

मला राग आला, आक्का. खूप आला. माझं वर्ष गेलं, आणि वर ते लग्नाचं लोढणं गळ्यात पडायची वेळ आली, तरी ही बाई गप्प बसली. मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा या घरात मी ओरडले, तुझ्यासारखी, सोप्यापर्यंत ऐकू जाईल अशी. आत्ती लसूण सोलत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि लसणानं कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही.

मग मीही सूप पुढे ओढलं आणि सोलायला बसले. दुसरं काय करणार?

ललिता


कोल्हापूर, ३० डिसेंबर २००३

आक्का,

सही केली नाही.

जेवायला बसलो तेव्हा आत्तींनीच तोंड उघडलं. "परवाना माज्या नावावर काढायचा."

मामा म्हणाले, "न्हाय मिळत. रेशनच्या येळंला..."

"रेशनचं मेलं रेशनसंगं. मी इचारून आलोय."

"कवा?"

"तुमी पेपर वाचत हुतासा तवा."

कृष्णातनं मान खाली घालून पण एका दमात सांगून टाकलं की कुटणं, भाजणं, पोचवणं तो करेल, आणि मुरगूडला त्याच्यासाठी एकदा जाऊन यावं लागेल. मामांनी एका डोळ्यानं आळीपाळीनं आम्हा तिघांकडे पाहिलं. दुसऱ्या डोळ्यावर पट्टी होती, पण मला वाटतं त्या दिवशी त्यांना सगळ्यात नीट दिसलं. शेवटी आत्तींना एवढंच विचारलं, "तुला सही येतीया?"

"साक्षरतेच्या वर्गाला गेलतो. तुमीच तर कंदील धरून पोचवायला येत हुतासा, इसरलासा?"

डॉक्टरांच्या दाखल्याला आत्ती नवी कोरी नऊवारी नेसून गेल्या. अर्जावर 'बयाबाई' लिहायला त्यांनी इतका वेळ घेतला की मागची रांग कुरकुरायला लागली, तर मागे वळून म्हणाल्या, "जरा दमा की. पयल्यांदाच लिवतोय."

काल साहेब येऊन खोली बघून गेले. मी माझा परवाना खिळ्यावरून काढला. मागचा चुना पांढराशुभ्र होता, चौकोनी. नव्या परवान्याची काच आत्तींनी स्वतः पदरानं पुसून टांगली आणि मागे सरून बघत राहिल्या. मी म्हणाले, "आत्ती, आता तुम्ही अडकलात." त्या हसल्या. "मी कुटं जातोय? लगीन हून आलो तवापास्नं हितंच हाय. निदान आता भित्तीवर नाव तरी हाय."

हे ऐकल्यापासून माझा आनंद नासलाय, आक्का. मी सुटतेय ती कुणाला तरी माझ्या जागी उभं करून. हे मी तुला सांगितलं नाही तर तू मला ओवाळून घरात घेशील, म्हणून आधीच सांगते. तरी मी येतेय. बसल्या बसल्या मन बदलेल म्हणून पिशवी आजच भरली, नर्सिंगचं माहितीपत्रक वरच ठेवलंय. शुक्रवारी दुपारच्या पॅसेंजरला स्टेशनवर ये. आणि प्लॅटफॉर्मवर ओरडू नकोस.

ललिता


मिरज, २२ फेब्रुवारी २००४

आत्ती,

हे पत्र कृष्णातकडून वाचून घेऊ नका. मोठ्या अक्षरात लिहिलंय, सावकाश का होईना तुम्ही स्वतः वाचा.

चटणी पोचली. 'श्रीमती ललिता'ची उरलेली लेबलं तुम्ही चुलीत घातली हे कृष्णातनं चिठ्ठीत कळवलं. बरं केलंत. तुमच्या नावाचं पाकीट मी आक्काकडे माझ्या खोलीच्या खिडकीत ठेवलंय. नर्सिंगच्या वर्गातल्या मुली आल्या की विचारतात, बयाबाई कोण? मी सांगते, आमच्या घरच्या. आक्कानं त्या चटणीबरोबर दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तुमच्याबद्दल एकही वाईट शब्द बोलली नाही. तिच्याकडून याहून जास्त अपेक्षा करू नका.

आता खरं सांगते. खोबरं जास्त भाजलंय, त्यामुळे मागून कडवट लागतंय. मीठही दोनदा पडलंय. पहिला घास खाल्ला आणि माझे पाय आपोआप चपलेकडे गेले, उठावं आणि संध्याकाळच्या गाडीनं येऊन दाखवावं म्हणून. आक्का दारात आडवी उभी राहिली. ती नसती तरी मी थांबले असते, असं मला वाटतं. खात्री नाही.

तर आत्ती, मी दाखवायला येणार नाही. खोबरं मंद आचेवर, किसाच्या कडा तांबूस झाल्या की लगेच परातीत काढायचं, कढईत ठेवायचं नाही, गरम कढईत ते आपलं आपण करपतं. मीठ कृष्णातला घालू देऊ नका, तुम्हीच घाला, आणि घातलं की मामांना मोठ्यानं सांगा म्हणजे दुसऱ्यांदा पडणार नाही. दोन-तीन घाणे बिघडतील. बिघडू देत. माझे पण बिघडले होते, बाबासो गुपचूप खायचे.

पुढच्या रविवारी मला सुट्टी आहे. येते. पण पावणी म्हणून. मागच्या खोलीत पाऊल टाकणार नाही, मामांचा नियमच आहे तसा. सोप्यात बसेन, मामांच्या शेजारच्या खुर्चीवर. तुम्ही माझ्यासमोर बसा, कृष्णातला चहा ठेवायला सांगा, आणि माझ्याशी काय काय बोलायचं राहिलंय ते सगळं बोला.

ललिता